पिक्चर कुठल्या गावातून पाहिला

माघ पौर्णिमा जवळ आली की मुंबई–हावडा मार्गावरचे दरेकसा हे एरवी निवांत स्थानक माणसांनी भरून जाते. गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना महाराष्ट्राच्या अगदी टोकाला ते लागते. उतरणारी कुटुंबे महाराष्ट्रातली असतात, तशी मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण आणि ओडिशातलीही असतात. गळ्यात पिवळे गमछे, हातात सप्तरंगी ध्वज, आणि समोर येईल त्याला ‘जय सेवा’. सालेकसा तालुक्यातल्या धनेगावावरून वाट चढते ती कचारगडच्या गुहेकडे. गोंड समाजाच्या श्रद्धेनुसार त्यांच्या पूर्वजांना नवा जन्म मिळाला तो या गुहेच्या तोंडाशी.

कथेची रूपे प्रांतागणिक बदलतात, गाभा मात्र कायम राहतो. काली कंकालीची मुले गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर प्रचंड शिळा बसली. पारी कुपार लिंगोने सुटकेचा मार्ग शोधला. हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी वाजवली, त्या सुरांतून बळ गोळा केले आणि शिळा ढकलली. मुले बाहेर आली, हिरासुका शिळेखाली चिरडला गेला. बाहेर आलेल्यांना लिंगोने गोत्रांची व्यवस्था लावून दिली. नागपुरात राहिलेल्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोंडांकडून जे दीर्घ गीत टिपून घेतले, त्यातही महादेवाने गोंडांना गुहेत कोंडल्याची आणि लिंगोने त्यांना सोडवल्याची हकिकत आहे. हिस्लॉप गेल्यावर 1866 साली ती छापून आली. पुढे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषेवर आणि कोया पुनेम या गोंडांच्या धर्मावर ग्रंथ लिहिले. कचारगडच्या यात्रेला आजचे रूप आले त्यात त्यांच्या पिढीच्या कार्यकर्त्यांचे कष्ट आहेत.

ही कथा लहानपणापासून ऐकलेला एखादा तरुण गुहेवरून खाली उतरतो आणि त्याच आठवड्यात मोबाइलवर ‘तुंबाड’ लावतो, असे धरून चालू. पाहून झाल्यावर मित्र विचारतो, ‘कसा होता पिक्चर?’ या प्रश्नाला पूर्व विदर्भात जे उत्तर मिळते ते दोन-तीन शब्दांचे असते. ‘बेस होता जी.’ किंवा ‘काही दम नाही.’ मराठीत सिनेमावर गंभीरपणे लिहिणारे या दोन-तीन शब्दांना समीक्षा मानत नाहीत. वर्तमानपत्रातले तारे मोजले जातात, तिकिटबारीचे आकडे मोजले जातात, चहाच्या टपरीवरचा अभिप्राय मात्र हवेत विरून जातो. या लेखाचे म्हणणे असे, की तो अभिप्राय नीट ऐकला पाहिजे. आवडनिवड त्यात असतेच, शिवाय माणूस कुठल्या गावातून, कुठल्या डोंगराच्या पायथ्यावरून पडद्याकडे पाहतो आहे, हेही त्यात असते. सिनेमाचे प्रकार आपण निर्मात्याने सांगितले तसे मान्य करतो. हा भयपट, तो मारधाडपट, हा बालपट. कचारगडच्या वाटेवर उभे राहून पाहिले तर या पाट्या जागच्या हलतात.

‘तुंबाड’पासूनच सुरुवात करू. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट ऑक्टोबर 2018 मध्ये आला तेव्हा बेताचाच चालला. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. मराठी माणसाला तो जवळचा वाटतो. कोकणातला न थांबणारा पाऊस, पडका वाडा, नारायण धारपांच्या गोष्टींची सावली असे सगळे त्यात आहे. नायक विनायक दोर लावून देवीच्या गर्भात उतरतो. आतल्या हस्तर नावाच्या जीवाला सोने मिळालेले आहे, अन्न मिळालेले नाही. विनायक पिठाचे रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे करतो, हस्तर तिच्यावर तुटून पडतो आणि तेवढ्या वेळात विनायक मोहरा लुटतो. दृश्य इतके घट्ट बांधलेले आहे की पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. भयपट म्हणून ‘तुंबाड’ उत्तम आहे, यात शंका नाही.

तरी त्या गर्भात कोण आहे, ते एकदा थांबून पाहावे. आत एक लेकरू आहे. आईचे पहिले मूल, उपाशी, इतर देवांच्या कोपामुळे बंदिस्त. ज्याच्या घरात कोंडलेल्या मुलांची गोष्ट भीतीची म्हणून नव्हे तर कुळाची म्हणून सांगितली जाते, त्याला हस्तरकडे पाहून काय वाटेल? भीती वाटेलच, पण ती भीती कदाचित वेगळ्या बाजूने येईल. कॅमेरा विनायकाबरोबर वरून खाली उतरतो, म्हणून आतला जीव राक्षस ठरतो. तोच कॅमेरा आधीपासून आत बसला असता, तर वरून दोर सोडून येणारा हा माणूस चोर ठरला असता. मुळात तो चोर आहेच, आणि चित्रपटही ते लपवत नाही. ‘तुंबाड’चे मोठेपण असे, की लोभ विनायकाचा आहे हे तो शेवटपर्यंत विसरू देत नाही. तरीही अंधारात राहणारा म्हणजे घातकी, खाली असणारा म्हणजे भयंकर, ही सवय त्यालाही सोडवलेली नाही. आपल्या भयपटांतली जंगले, गुहा, विहिरी, जुने वड पाहिले तर हीच सवय पुन्हा पुन्हा भेटते. कुणाचे तरी पूजास्थान दुसऱ्या कुणाच्या तरी भयाचे ठिकाण होते.

आता ‘आरआरआर’. मार्च 2022 मध्ये आलेल्या एस. एस. राजामौली यांच्या या चित्रपटातल्या ‘नाटू नाटू’ने 2023 साली ऑस्कर मिळवले. जगभरच्या प्रेक्षकांनी या गाण्यावर ठेका धरला. त्यातल्या दोन नायकांपैकी एक गोंड आहे, हे मात्र फारच थोड्यांच्या ध्यानात राहिले. कोमराम भीम ही ऐतिहासिक व्यक्ती. आदिलाबादच्या डोंगरांत निझामाच्या राजवटीविरुद्ध त्याने गोंडांना उभे केले, जल-जंगल-जमीन ही मागणी मांडली आणि 1940 साली जोडेघाटला तो मारला गेला. त्या उठावाने हादरलेल्या निझाम सरकारने पुढे ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला धाडले. आज तेलंगणात कोमराम भीमच्या नावाचा जिल्हा आहे.

चित्रपटात भीम 1920 च्या दशकातल्या दिल्लीत येतो, कारण इंग्रज गव्हर्नरच्या बायकोने त्याच्या पाड्यावरची मल्ली नावाची लहान मुलगी उचलून नेली आहे. तिथे त्याची गाठ दुसऱ्या नायकाशी, अल्लुरी सीताराम राजूशी पडते. प्रत्यक्षात हे दोघे कधी भेटल्याची नोंद नाही, आणि दिग्दर्शकानेही ही कल्पनाच असल्याचे उघडपणे सांगितले आहे. कल्पनेला हरकत कशाला? चित्रपटातला भीम वाघाला पकडतो तेव्हा त्याला भाऊ म्हणतो, आपल्या कामासाठी तुला वापरतो आहे म्हणून त्याची क्षमा मागतो. ते दोन-चार क्षण गोंड माणसाला आपले वाटावेत असे आहेत. चाबकाचे फटके खाताना गुडघे न टेकणारा भीम पाहून सालेकशातल्या, देवरीतल्या, कोरचीतल्या मुलाची छाती भरून आली, तर ती यायलाच हवी. गोंड नायक एवढ्या मोठ्या पडद्यावर आपल्याला याआधी कधी दिसला होता?

पण चित्रपटाच्या शेवटी काय घडते? सीताराम राजू, म्हणजे चित्रपटातला राम, विचारतो, तुला काय हवे? भीम म्हणतो, मला आणि माझ्या लोकांना शिक्षण दे. मग राम ध्वजावर लिहून देतो : जल, जंगल, जमीन. म्हणजे जी घोषणा भीमची, ती त्याला दुसऱ्याच्या हातून मिळते. भीमच्या चरित्रात सांगितले जाते ते याच्या अगदी उलट आहे. तरुणपणी तो पळून चंद्रपूरला आला, तिथे एका छापखानदाराच्या आश्रयाला राहिला आणि तिथेच लिहायला-वाचायला शिकला. पुढे आसामच्या चहामळ्यांत राबून आला आणि मग आपल्या डोंगरात परतून लोकांना संघटित केले. त्याला अक्षरओळख झाली ती या मराठी मुलखातल्या शहरात, स्वतःच्या वणवणीतून. पूर्व विदर्भातल्या प्रेक्षकाला हे ठाऊक असेल, तर त्या शेवटच्या प्रसंगापाशी त्याचे मन अडखळेल. ‘पिक्चर बेस होता, पण शेवट पटला नाही’ असे तो म्हणाला, तर त्या एका वाक्यात इतिहासाचा मोठा आक्षेप दडलेला असतो. परदेशातल्या कौतुकाच्या लेखांत तो आक्षेप सापडणे कठीण. तो ऐकायचा तर आदिलाबाद, चंद्रपूर, गोंदिया याच पट्ट्यात यावे लागते.

बालपटाची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. 1990 च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचे तेव्हा गावेच्या गावे टीव्हीसमोर बसत. मालिका जपानी, हिंदी गाणे गुलजारांचे, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. 2016 साली जॉन फॅव्रो यांचा चित्रपट आला तो लॉस एंजलिसच्या स्टुडिओत बनलेला. जंगलातले एकही पान खरे नाही, आणि पाहताना क्षणभरही ते खोटे वाटत नाही. तंत्र म्हणून ती थक्क करणारी कामगिरी आहे. मुलांना आवडतो, मोठ्यांनाही आवडतो, आणि आवडावा असाच आहे.

मोगलीचे जंगल आहे कुठले? किपलिंगच्या पुस्तकात ते सिवनीचे आहे, मध्य प्रदेशातले, बालाघाटच्या पलीकडचे. शेरखान राहतो तो वैनगंगेच्या काठी. तीच वैनगंगा पुढे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या शिवारांतून वाहते आणि धानाला पाणी देते. हा सगळा गोंडांचा मुलूख, आणि किपलिंगला ते माहीत होते. मोगली गावावर जंगल सोडतो त्या गोष्टीत घाबरलेले गावकरी गोंडांच्या मुखियाला बोलावतात, आणि तिथे किपलिंगने गोंडांना या भूमीचे मूळ मालक म्हटले आहे. पुस्तकातल्या गोंडांना थोडीशी का होईना जागा मिळाली होती. 1967 च्या डिस्नेच्या चित्रपटात ती राहिली नाही, 2016 च्या चित्रपटातही नाही. जंगल उरले, वाघ उरला, अस्वल उरले, बोलणारा अजगर उरला, गोंड मात्र पुसले गेले. जगातल्या कोट्यवधी मुलांना हे जंगल ठाऊक आहे, पण त्यात माणसे राहतात हे ठाऊक नाही.

सालेकशातल्या आश्रमशाळेत बसलेली एखादी मुलगी जेव्हा हा चित्रपट पाहते, तेव्हा तिच्यासाठी ते दूरचे स्वप्नरंजन नसते. तिची आजी मोहफुले वेचायला पहाटे जाते ते जंगल याच डोंगररांगांचे आहे. तिच्या जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प आहे आणि वाघाची बातमी तिच्या घरात चुलीपाशी सांगितली जाते. तिला पडद्यावर आपले जंगल दिसते, आपले घर दिसत नाही. ‘मोगलीची आई कोण होती?’ असा प्रश्न तिने विचारला, तर तो भाबडा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये.

वाघावरून ‘शेरनी’ आठवतो. 2021 चा अमित मसुरकर यांचा हा चित्रपट मध्य प्रदेशच्या जंगलात घडतो आणि त्याच्या मागे 2018 साली यवतमाळ जिल्ह्यात मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीची आठवण आहे. त्यात गावकरी बोलतात, गुरे कुठे चारायची विचारतात, पायांच्या ठशांवरून वाघीण ओळखणारी गावातली बाई वनखात्याच्या साहेबांपेक्षा जास्त जाणते. वाघिणीची वाट खाणीच्या खड्ड्याने तोडली आहे, हे दृश्य एकदा पाहिले की विसरता येत नाही. काहींना हा चित्रपट संथ वाटला. जंगलाकाठी राहणाऱ्याला तसा वाटण्याचे कारण नाही. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्याला शिकवावे लागत नाही.

याच दिग्दर्शकाचा ‘न्यूटन’ 2017 चा. छत्तीसगडच्या जंगलात 76 मतदारांसाठी मांडलेले मतदान केंद्र, नियमाला चिकटून बसलेला तरुण अधिकारी, त्याला हसणारा सुरक्षा दलाचा प्रमुख, आणि गोंडी जाणणारी स्थानिक शिक्षिका मालको. तिची भूमिका अंजली पाटील यांनी केली आहे. शहरात लोक हा चित्रपट उपहासाचा विनोदी पट म्हणून पाहतात आणि त्यातल्या प्रसंगांना खळखळून हसतात. त्यात एक वेळ वारंवार येते : दुपारचे तीन. मतदान तीनला संपते आणि तेवढ्यासाठी न्यूटन शेवटी बंदूक हातात घेतो. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला हे तीन म्हणजे पटकथेतली युक्ती वाटते. सालेकसा तालुका आमगाव विधानसभा मतदारसंघात येतो, आणि 2024 च्या लोकसभा निवडणुकीतही तिथले मतदान सुरक्षेच्या कारणास्तव सकाळी सातला सुरू होऊन दुपारी तीनलाच संपले. तिथल्या मतदाराच्या आयुष्यातला हा खरा तास आहे. वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत दरेकसा हे नाव ‘दरेकसा दलम’ या नक्षलवादी गटाच्या बातम्यांतून येत राहिले. यात्रेला येणारी, धान कापणारी, पोरांना शाळेत धाडणारी माणसे त्या बातम्यांत नसत. ‘न्यूटन’मध्ये ती आहेत, पण बोलतात मालकोच्या तोंडून. दुभाषी नसेल तर त्यांचे म्हणणे कुणापर्यंत पोचत नाही, हेच चित्रपटाला दाखवायचे आहे. हसू येते, आणि नंतर त्या हसण्याचीच लाज वाटते. या काळातल्या हिंदी चित्रपटांत एवढे प्रामाणिक काम थोडे झाले आहे.

आदिवासी माणसाचे न बोलणे हा तसा भारतीय सिनेमाचा जुना विषय. 1980 च्या ‘आक्रोश’मध्ये विजय तेंडुलकर आणि गोविंद निहलानी यांनी लहान्या भिकूला जवळजवळ पूर्ण चित्रपटभर गप्प ठेवले आणि ओम पुरींच्या डोळ्यांवर सगळा भार टाकला. ती शांतता आरोप करणारी होती, म्हणून आजही अंगावर येते. पण नंतरच्या कितीतरी चित्रपटांनी शांतता घेतली आणि आरोप सोडून दिला. आदिवासी पात्रे गप्प उभी राहू लागली ती केवळ पार्श्वभूमी म्हणून, साल-सागवानाच्या झाडांसारखी.

‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ हा 2014 चा समृद्धी पोरे यांचा चित्रपट या यादीत कुठे बसतो? शेरखानला ज्यांनी आवाज दिला त्याच नाना पाटेकरांनी त्यात हेमलकशाच्या डॉक्टरांचे काम केले आहे, अतिशय संयमाने. 1973 च्या डिसेंबरात भामरागडच्या अरण्यात सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची ही कहाणी पाहून डोळे भरून येतात आणि ते खोटे रडू नसते. तरीही माडिया गोंड त्यात प्रामुख्याने रुग्ण म्हणून येतात. जखमा, ताप, अस्वलाने फाडलेले चेहरे. चरित्रपटात चरित्रनायक मध्यभागी असणारच. पण हेमलकशाच्या दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या नजरेतून हीच वर्षे कशी दिसली असतील, हा प्रश्न कचारगडहून पाहणाऱ्याला पडणे अगदी रास्त आहे.

मराठी सिनेमाने एकदा मात्र पूर्ण वेगळी वाट धरली होती. 1977 साली. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी केलेला ‘जैत रे जैत’ ठाकर समाजाचा आहे. कर्नाळ्याच्या सुळक्याखालची वस्ती, डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर धरलेला नाग्या आणि त्याच्यामागे उभी राहिलेली चिंधी. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. त्या डोंगराच्या देवाचे नाव लिंगोबा, आणि नायक ढोल वाजवणारा. कचारगडच्या माणसाने हा चित्रपट पाहिला तर लिंगो आणि लिंगोबा या नावांची जवळीक त्याला खुणावेल. दोन समाज वेगळे, दोन डोंगर शेकडो मैल दूर. या नावांचे नाते भाषाशास्त्रज्ञांनी तपासावे. पण वाद्य हातात घेऊन डोंगराला भिडणारा माणूस दोन्हीकडे आहे. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांना कुणी वाचवायला येत नाही, कुणी शिकवायला येत नाही. त्यांचा देव, त्यांचे वेड, त्यांचे मरण त्यांचेच. जवळजवळ पन्नास वर्षांनीही तो ताजा वाटतो, आणि गाणी सुंदर आहेत म्हणून तो टिकला असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

ही वाट पुढे नेणारा म्हणून ‘कांतारा’चे नाव घेतले जाते. 2022 साली ऋषभ शेट्टी यांनी तुळुनाडूच्या दैवांना, पंजुर्ली आणि गुळिगाला, देशभरच्या पडद्यावर आणले. दैव हे जमिनीच्या हक्काचे साक्षीदार असते, ही गोष्ट त्यात केंद्रस्थानी आहे. पेनठाण्याला म्हणजे गोंडांच्या देवस्थानाला, देवराईला मानणाऱ्या कुणालाही ते लगेच उमजते. शेवटच्या वीस मिनिटांत दैव अंगात येते ते पाहताना चित्रपटगृहात लोक हात जोडत होते. पण नायकाने नायिकेशी केलेली दांडगाई खटकते, आणि वनहक्काचा प्रश्न शेवटी एका चांगल्या अधिकाऱ्याच्या हृदयपरिवर्तनावर सुटतो हे पटत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवला तो वर्षानुवर्षांच्या ग्रामसभांतून, अभ्यासातून, कागदांच्या पाठपुराव्यातून. त्यात नाट्य नाही असे कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा ग्रामसभेत जमिनीवर बसून पाहावे.

नाट्याचा विषय निघाला की झाडीपट्टीला वगळता येत नाही. धान निघाले, दिवाळी झाली, मंडया सुरू झाल्या की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत नाटकांचा हंगाम लागतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात. नाटक रात्री सुरू होते आणि उजाडता संपते. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्ताने एका गावात दोन-दोन तंबू लागतात. तिकीट काढून, स्वेटर-घोंगड्या घेऊन आलेला हा प्रेक्षक आपले मत राखून ठेवत नाही. आवडले तर शिट्टी, नाही आवडले तर तिथेच सुनावतो, आणि खलनायकाला पहाटे चारला शिव्या पडतात तेव्हा नटाला कळते की आपले काम जमले. परशुराम खुणे यांच्यासारख्या झाडीपट्टीच्या नटाला 2023 साली पद्मश्री मिळाली, ती या प्रेक्षकाने त्यांना कितीतरी आधी दिलेली होती. 2022 चा ‘झॉलीवूड’ हा तृषांत इंगळे यांचा चित्रपट याच जगावर आहे. त्यातली झाडी बोली सफाईदार नाही, खडबडीत आहे आणि म्हणून खरी आहे. चित्रपटात कमी-जास्त असेल, पण वडशाच्या माणसाला आपल्या बोलीत आपलाच धंदा पडद्यावर पाहायला मिळाला, ही गोष्ट मराठी सिनेमासाठी लहान नव्हे.

झाडी बोलीला निदान एक दार उघडले. गोंडीचे काय? 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे 29 लाख 84 हजार लोक आहेत. तरीही ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. तिला लिपी नाही असेही म्हणता येत नाही. कचारगडपासून फार दूर नसलेल्या बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 साली गोंडीसाठी लिपी तयार केली. आदिलाबादच्या गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांतली लिपी वेगळीच. या दोन्ही लिप्या आता संगणकाच्या युनिकोडमध्ये आहेत. भाषा आहे, अक्षरे आहेत, आणि माघ पौर्णिमेला धनेगावच्या रस्त्यावर पाहावे तर प्रेक्षकही आहे. मोबाइलवर गोंडी गाण्यांचे व्हिडिओ फिरत असतात. तरुण मुले चढताना ते मोठ्याने लावतात आणि मागून येणारे त्यावर ताल धरतात. पैसा आणि पडदा तेवढा या माणसांपर्यंत पोचलेला नाही.

हिरासुका पाटालीरची गोष्ट उद्या कुणी चित्रपटासाठी घेतली, तर वितरक आधी विचारील, हा कुठल्या प्रकारात टाकायचा? संगीतपट म्हणावा तर वादक चिरडून मरतो. मारधाडपट म्हणावा तर लढाई एका दगडाशी आहे. भयपट म्हणावा तर अंधारात बसलेल्यांची भीती वाटत नाही, माया वाटते. बालपट म्हणावा तर मुले उपाशी आहेत. हा चित्रपट करणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच निर्णय नीट घ्यावा लागेल : कॅमेरा कुठे ठेवायचा. विनायकाचा दोर वरून खाली उतरला होता. इथे कॅमेरा आत, मुलांच्या मधोमध, जमिनीलगत हवा. पडदा बराच वेळ काळाच राहील. कुणाचा तरी श्वास, कुणाचे तरी मुसमुसणे, वटवाघळांच्या पंखांची फडफड. मग शिळेच्या पलीकडून किंगरीची एक तार ऐकू येईल, पुन्हा एकदा ऐकू येईल, आणि दगडाच्या कडेला केसाएवढी उजेडाची रेघ उमटेल.